गोळी सुरू झाली, डोस कोण वाढवणार?

प्रति,
महाराष्ट्रातील फॅमिली डॉक्टर, फिजिशियन आणि हृदयरोगतज्ज्ञ मंडळी,



मी तुमच्यातलीच एक. तालुक्याच्या गावी माझी ओपीडी आहे आणि तिथे सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडलेले, ‘डॉक्टर, माझं पंपिंग कमी झालंय’ असं आल्या आल्या स्वतःच सांगणारे पेशंट सतत येतात. काखेत फाईल, हातात मेडिकलची प्लास्टिकची पिशवी, सोबत सून नाहीतर नातू. फाईल उघडली की दर वेळी तेच दिसतं. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन तीस-पस्तीस टक्के. बीटा ब्लॉकर एकतर लिहिलेलाच नाही, किंवा लिहून पुढच्याच खेपेला खोडलेला, किंवा दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या डोसने सुरू केला त्याच डोसवर तसाच पडलेला. कारण कुठेच नोंदलेलं नसतं. फोन करून विचारलं तर उत्तर मिळतं, ‘वय झालंय ना हो त्यांचं.’

या उत्तराचा मला आता राग येऊ लागला आहे, म्हणून हे जाहीर पत्र. सीएमईत हा विषय निघतो, स्लाइड दाखवल्या जातात, जेवण होतं आणि दुसऱ्या दिवशी ओपीडीत जुनीच चिठ्ठी रिपीट होते. पेशंटच्या घरचे लोकही हे वाचतील. त्यांनी वाचावं आणि तुम्हाला प्रश्न विचारावेत, अशी माझी इच्छाच आहे.

म्हातारपणी ज्या औषधाला आपण घाबरतो, त्याला हार्ट फेल्युअरमध्ये एकेकाळी सगळं जगच घाबरत होतं. जेम्स ब्लॅक यांनी साठच्या दशकात प्रोप्रॅनोलॉल आणलं ते अंजायनासाठी. त्या कामाबद्दल १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हृदय कमजोर असेल तर मात्र हे औषध द्यायचंच नाही, असं पाठ्यपुस्तकात छापलेलं असे आणि परीक्षेत विचारलं जाई. तर्क सरळ होता: आधीच मंद पडलेल्या हृदयाचा जोर आणखी कमी कशाला करायचा? १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्ग इथे फिन वागस्टाईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवघ्या सात पेशंटवरचा अनुभव प्रसिद्ध केला. हृदयाचा स्नायू निकामी होत चाललेल्या या माणसांना बीटा ब्लॉकर दिल्यावर ती सुधारली होती. त्यावर विश्वास ठेवायला वैद्यकजगताने पुढची वीस वर्षं घेतली.

मग पुरावा आला तो मात्र भरभरून. १९९६ मध्ये अमेरिकेत कार्व्हेडिलॉलचे निष्कर्ष आले. १९९९ मध्ये बिसोप्रोलॉलची सिबिस-२ आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेटची मेरिट-एचएफ या दोन चाचण्या लागोपाठ प्रसिद्ध झाल्या. फायदा इतका स्पष्ट होता की दोन्ही मुदतीआधी थांबवाव्या लागल्या. दोन्हींत मृत्यूचं प्रमाण सुमारे ३४ टक्क्यांनी घटलं. २००१ मध्ये कोपर्निकसने दाखवलं की पंपिंग २५ टक्क्यांच्याही खाली गेलेल्या, बसल्या जागी धाप लागणाऱ्या पेशंटनाही कार्व्हेडिलॉलने तितकाच फायदा होतो. कमजोर हृदयावर शरीरातलं ॲड्रेनॅलिन रात्रंदिवस मारा करत असतं. सुरुवातीला त्याने तग धरता येतो, पण काही महिन्यांनी तेच स्नायू झिजवतं, पेशी मारतं आणि ठोके बिघडवून अचानक मृत्यू ओढवतं. बीटा ब्लॉकर हा मारा थोपवतो. काही महिन्यांत अनेकांचं पंपिंगच वाढतं, हे तुम्ही सगळ्यांनी इकोवर पाहिलं आहे.

यावर तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि ते बरोबरच म्हणतील, की या चाचण्यांतले पेशंट सरासरी साठीच्या आसपासचे होते. आमच्याकडे येतात ते अठ्ठ्याहत्तरचे, सोबत मधुमेह, गुडघे, प्रोस्टेट, मोतीबिंदू सगळं घेऊन. हा आक्षेप मी गांभीर्याने घेते. पण त्यालाही उत्तर आहे आणि ते येऊन बरीच वर्षं झाली. २००५ ची सीनियर्स चाचणी फक्त सत्तरीच्या पुढच्या २,१२८ पेशंटवर केलेली आहे. औषध होतं नेबिव्होलॉल. मृत्यू किंवा हृदयविकारासाठी दवाखान्यात भरती, या दोहोंचं एकत्रित प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. नुसत्या मृत्यूंतला फरक सांख्यिकीच्या कसोटीला पुरा उतरला नाही, हेही इथेच सांगते, कारण अर्धवट पुरावा पुढे करून मला कुणाला पटवायचं नाही. पण त्या चाचणीतले सुमारे दोन-तृतीयांश वृद्ध नेबिव्होलॉलच्या पूर्ण, म्हणजे १० मिलिग्रॅम डोसपर्यंत पोहोचले होते. आपल्याकडच्या किती चिठ्ठ्यांवर हा डोस दिसतो?

आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आकडा २०१६ चा आहे. अकरा चाचण्यांतल्या १३,८३३ पेशंटची माहिती एकत्र करून ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विश्लेषण आलं. पंपिंग कमी असलेल्या आणि ठोका नियमित असलेल्या पेशंटना बीटा ब्लॉकरचा फायदा वयावर किंवा स्त्री-पुरुष असण्यावर अवलंबून नव्हता. औषध सोडून देणारे किती निघाले? खऱ्या गोळीवर १४.४ टक्के आणि खोट्या, म्हणजे काहीच औषध नसलेल्या गोळीवर १५.६ टक्के. ‘म्हाताऱ्यांना झेपत नाही’ असं म्हणून आपण जे बंद करतो, त्यातलं बरंचसं त्या गोळीमुळे होतच नसतं, हे या आकड्यात स्पष्ट दिसतं. ते वयामुळे, आजारामुळे किंवा पिशवीतल्या दुसऱ्याच गोळ्यांमुळे होत असतं.

आता चक्कर येण्याबद्दल, कारण गोळी बंद होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे.

एक आजोबा पहाटे उठून डेअरीवर दूध घालायला जायचे. एके दिवशी अंगणातच तोल जाऊन पडले. नशिबाने हाड मोडलं नाही. जवळच्या डॉक्टरांनी फाईल पाहिली आणि आठवड्यापूर्वी सुरू झालेला बीटा ब्लॉकर बंद केला. सगळ्यांत शेवटी आलेली गोळी पहिली काढायची, हा आपला अलिखित नियमच आहे. ते माझ्याकडे आले तेव्हा मी पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. लघवीची गोळी दोनदा, पायांची सूज कधीचीच उतरलेली असूनही. अ‍ॅम्लोडिपिन १० मिलिग्रॅम. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन. चक्कर येते म्हणून वर प्रोक्लोरपेराझिन, जे म्हाताऱ्या माणसाचं बीपी आणखी पाडतं आणि हातापायांना कंप आणतं. हे सगळं ते पहाटे पाच वाजता, उपाशीपोटी, चहाबरोबर एकदम घ्यायचे. बसून बीपी १२४. उभं करून एक मिनिटाने मोजलं तर ९६, आणि आजोबांनी टेबलाची कड धरली.

बीटा ब्लॉकरला हात लावायची गरज नव्हती. लघवीची गोळी एकदाच केली. अ‍ॅम्लोडिपिन बंद केलं, कारण कमी पंपिंगमध्ये त्याने आयुष्य वाढत नाही आणि बीपी तर आधीच खाली होतं. टॅम्सुलोसिन रात्री जेवणानंतर दिलं. चक्करची गोळी थांबवली. बीटा ब्लॉकर पुन्हा अगदी बारीक डोसवर, नाश्त्यानंतर सुरू केला. हळूहळू तो वाढवताही आला.

माझी विनंती एवढीच: चक्कर म्हणताच चिठ्ठीवर काट मारण्याआधी पेशंटला उभं करून बीपी घ्या. एक मिनिटाने एकदा, तीन मिनिटांनी एकदा. गर्दीच्या ओपीडीत हे अवघड आहे, मला माहीत आहे; पण हे सिस्टर करू शकतात. आणि बीपी पडत असेल तर काढायच्या गोळ्यांच्या रांगेत बीटा ब्लॉकर सगळ्यात शेवटी उभा करा. त्याच्या आधी जादा झालेली लघवीची गोळी, कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर, अल्फा ब्लॉकर, गरज संपलेलं नायट्रेट आणि क्लोनिडिन यांचा नंबर लागतो. क्लोनिडिन मात्र बीटा ब्लॉकर चालू असताना एकदम तोडू नका, बीपी उसळी मारतं.

दुसरं गाऱ्हाणं डोसचं. यात मोठ्या शहरांतल्या हृदयरोगतज्ज्ञांना मी आधी धरते. पेशंट धाप लागून तुमच्याकडे भरती होतो, पाणी काढलं जातं, चौथ्या-पाचव्या दिवशी घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५ मिलिग्रॅम रोज एकदा, आणि खाली ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’. या तीन शब्दांनी माझ्या भागातल्या कितीतरी पेशंटचं नुकसान केलं आहे. गावातल्या डॉक्टरला वाटतं, मोठ्या डॉक्टरांनी ठरवलेला डोस आपण कसा बदलायचा. तुम्हाला वाटतं, वाढवायचं काम गावात होईल. पेशंट तीन महिन्यांनी एसटीने तुमच्याकडे येतो, ‘बरं आहे ना? मग तेच चालू ठेवा’ ऐकून परत जातो. मेरिट-एचएफमध्ये ज्या डोसने माणसं वाचली त्याचं लक्ष्य २०० मिलिग्रॅम होतं आणि प्रत्यक्षात सरासरी १५९ मिलिग्रॅम दिला गेला. आपण २५ वर थांबतो आणि मनात मात्र मेरिट-एचएफचा फायदा धरतो.

प्रत्येक वृद्धाला पूर्ण डोस द्याच, असं मी म्हणत नाही. सिबिस-ईएलडी या चाचणीत ६५ च्या पुढच्या ८८३ पेशंटना बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल दर पंधरा दिवसांनी दुप्पट करत नेलं. पूर्ण डोसवर टिकले ते साधारण एक चतुर्थांश. म्हणजे पुष्कळांना मधेच कुठेतरी थांबावं लागणार, आणि त्यात काही गैर नाही. थोडा डोसही काहीच नसण्यापेक्षा चांगला. २००९ च्या एका एकत्रित विश्लेषणात असंही दिसलं की फायद्याचा संबंध मिलिग्रॅमपेक्षा नाडी किती खाली आली याच्याशी जास्त आहे: मिनिटाला पाच ठोके कमी झाले की मृत्यूचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी घटतो. तेव्हा २५ मिलिग्रॅमवर तीन वर्षं असलेल्या आजींची नाडी ८८ लागत असेल, ठोका नियमित असेल, पायावर सूज नसेल, तर त्यांचे उपचार अजून पूर्ण झालेले नाहीत. तिथे थांबायचं काही कारण असेल तर ते फाईलवर लिहा. ‘५० ला नाडी ४८, चक्कर, परत २५’ इतकं लिहिलं तरी पुढच्या डॉक्टरला सगळं कळतं.

भरती असतानाची एक चूक इथेच सांगायला हवी. जुनाच पेशंट पुन्हा धाप लागून आला की पहिल्या रात्री बीटा ब्लॉकर बंद होतो आणि डिस्चार्जच्या वेळी परत सुरू करायचं राहून जातं. बीपी कोसळलेलं नसेल, हातपाय गार पडलेले नसतील, शॉक नसेल, तर बंद करायची गरज नसते. फार तर डोस अर्धा करा. नव्याने सुरू करताना मात्र फुप्फुसातलं पाणी उतरू द्या. पाणी भरलेल्या पेशंटला पहिल्याच दिवशी गोळी देऊन त्याचा श्वास वाढवायचा आणि मग ‘सूट झाली नाही’ असा शिक्का मारायचा, हेही मी पाहिलं आहे.

डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे किती मोलाचे असतात, हे २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीने दाखवलं. बीटा ब्लॉकरसह सगळी मुख्य औषधं दोन आठवड्यांत पूर्ण डोसकडे नेली आणि पेशंटना वारंवार बोलावून तपासलं. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत २३.३ टक्के होतं, इथे १५.२ टक्के. ८५ वर्षांपर्यंतचे पेशंट त्यात होते. इतकी घाई प्रत्येक अशक्त म्हाताऱ्याला झेपेल असं नाही, पण त्यातला ‘वारंवार तपासलं’ हा भाग आपल्याला उचलता येईल. आपल्या देशाचं चित्र राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीतून समोर आलं आहे: ५३ रुग्णालयांतले १०,८५१ पेशंट, आणि तीन महिन्यांच्या आत त्यातले १४ टक्क्यांहून अधिक दगावलेले. पाश्चात्त्य देशांपेक्षा आपले पेशंट आधीच तरुण आहेत, सरासरी साठीचे. जे पुढे जगून म्हातारे होतात, त्यांना तरी वय झालं म्हणून वाऱ्यावर सोडू नये.

दम्याबद्दल थोडक्यात. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बायका आणि विड्या ओढलेले पुरुष, यांना सीओपीडी असतो आणि फाईलवर ‘दमा’ लिहिलेला असतो. एकदा हा शब्द पडला की कुणी बीटा ब्लॉकरला हात लावत नाही. खऱ्या दम्यात, जो रात्री उसळतो, ऋतूबरोबर बदलतो, तिथे जपायलाच हवं. पण सीओपीडीत बिसोप्रोलॉल, मेटोप्रोलॉल सक्सिनेट किंवा नेबिव्होलॉल यांपैकी हृदयापुरतं काम करणारी गोळी बारीक डोसने देता येते. कार्व्हेडिलॉल तिथे टाळलेलं बरं. सिबिस-ईएलडीत फुंकण्याची क्षमता त्याच्यावरच घटली होती. आणि धाप हृदयाची की छातीची हे ठरवण्यासाठी एकदा स्पायरोमेट्री करून घ्या.

गोळी कुठली, हाही प्रश्न आहेच. अ‍ॅटेनोलॉल स्वस्त आहे, वर्षानुवर्षं बीपीसाठी हातात बसलेलं आहे, पण हार्ट फेल्युअरमध्ये त्याचा पुरावा नाही. हाताच्या कंपासाठी दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलचंही तेच. नुसतं ‘मेटोप्रोलॉल’ लिहू नका, ‘सक्सिनेट’ लिहा. २००३ च्या कॉमेट चाचणीत कार्व्हेडिलॉलच्या तुलनेत मेटोप्रोलॉल टार्ट्रेट घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते: ३४ टक्क्यांच्या जागी ४०. मेडिकलवाल्यांना विनंती की, ‘तेच आहे, घ्या’ असं म्हणून टार्ट्रेट हातात ठेवू नका. सक्सिनेटची गोळी कुटून किंवा पाण्यात विरघळवून द्यायची नसते, हे सुनेला किंवा मुलीला सांगा. दात नसलेल्या आजींना घरोघर गोळ्या कुटूनच दिल्या जातात.

एका आजींची नाडी ४६ लागली तेव्हा सगळ्यांचं बोट गोळीकडे गेलं. डोस अगदीच किरकोळ होता. मी विचारलं, डोळ्यात काही घालता का? नातीने पर्समधून काचबिंदूच्या थेंबांची बाटली काढली. टिमोलॉल. तोही बीटा ब्लॉकरच, आणि डोळ्यातून नाकावाटे थेट रक्तात उतरतो. नेत्रतज्ज्ञांशी बोलून थेंब बदलले आणि नाडी वर आली. फाईलवर डोळ्याच्या थेंबांची नोंद कुणीही केलेली नव्हती, कारण आपण ‘गोळ्या कुठल्या?’ एवढंच विचारतो. तशीच इतर औषधंही विचारा: डिल्टियाझेम, व्हेरापॅमिल, डिगॉक्सिन, अ‍ॅमिओडॅरोन, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन, ज्यांच्यामुळे मेटोप्रोलॉल रक्तात साठतं. आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर आणलेलं डायक्लोफिनॅक. नाडीशी त्याचा संबंध नाही, पण पाणी साठवून ते पेशंटला पुन्हा भरती करतं आणि दोष बीटा ब्लॉकरवर जातो.

कोविडपासून घराघरांत ऑक्सिमीटर आला आहे. त्यावर ५४ दिसलं की मुलगा पुण्याहून फोन करतो आणि गोळी बंद करायला सांगतो. चक्कर नाही, अंधारी नाही, माणूस अंगणात फिरतो आहे, तर ५४ ही चांगली नाडी आहे. शिवाय मधे मधे जादा ठोके पडत असतील तर ते यंत्र चुकीचा आकडा दाखवू शकतं. पन्नासच्या खाली आणि त्रास असेल तर ईसीजी काढा, ब्लॉक आहे का पाहा, डोस अर्धा करा. हे घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगायचं काम आपलं आहे. ‘ही बीपीची गोळी आहे’ असं सांगितलं, तर बीपी नॉर्मल आलं की ते ती थांबवणारच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ‘बीपीच्या गोळ्या बंद’ असं कुणीतरी सांगतं तेव्हाही हीच जाते, आणि एकाएकी तुटल्यामुळे ठोके उसळतात. ऑपरेशनच्या सकाळीही ही गोळी चालूच ठेवायची असते.

आता उलट बाजू. सत्तरीपुढच्या हार्ट फेल्युअरमध्ये पंपिंग ठीक असलेले पेशंट पुष्कळ असतात, बायकांमध्ये तर विशेष. हृदय आखडलेलं असतं, पण ५५-६० टक्के पंपिंग करतं. त्यांना बीटा ब्लॉकरने आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. चालताना नाडी वाढू न दिल्याने उलट थकवा येऊ शकतो. तिथे एट्रियल फिब्रिलेशन, अंजायना, अलीकडचा हार्ट अटॅक असं दुसरं कारण नसेल, तर ही गोळी हळूहळू कमी करून थांबवण्याचं धाडस आपण केलं पाहिजे. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पंपिंग कमी असलं तरी मृत्यू टळल्याचं २०१४ च्या विश्लेषणात दिसलं नव्हतं. तिथे गोळीचं काम ठोक्यांचा वेग आवरण्याचं, म्हणून नाडी ६० वर आणण्याचा अट्टहास नको. आणि एखाद्या म्हाताऱ्याला अगदी बारीक डोसही झेपत नसेल, हृदयाच्या भिंती जाड असूनही ईसीजीत लहरी लहान असतील, दोन्ही मनगटांची कार्पल टनेलची ऑपरेशनं झालेली असतील, तर अ‍ॅमिलॉइडचा विचार करा. तिथे गोळी न झेपणं हेच निदानाकडे नेतं. इकोचा आकडा न बघता सगळ्यांना सारखंच लिहिणं आणि वय बघून सगळ्यांचं सारखंच काढणं, दोन्हींत पेशंट बघायचा राहून जातो.

कधी कधी थांबवणं खरंच योग्य असतं. अंथरुणाला खिळलेल्या, जेवण सुटलेल्या, बीपी ऐंशीवर असलेल्या माणसाला पुढच्या दोन वर्षांच्या फायद्यासाठी गोळी गिळायला लावू नये. पण तो निर्णय पेशंटला आणि घरच्यांना समोर बसवून, का ते सांगून घ्यावा. सत्तरीतल्या चालत्याफिरत्या माणसालाही विचारावं की तुम्हाला काय हवंय. एका आजीने मला सांगितलं होतं, ‘जास्त जगायचं नाही, पण देवळाच्या पायऱ्या स्वतः चढायच्यात.’ अशा वेळी डोस कुठवर न्यायचा हे चाचण्यांच्या तक्त्यातून मिळत नाही. पायऱ्या चढून आल्यावर आजीच सांगते.

शेवटी कामाचं. स्वीडन आणि ब्रिटनमध्ये हार्ट फेल्युअरच्या प्रशिक्षित नर्स डोस वाढवण्याचं काम करतात. नियम लिहून दिलेले असतात, अडलं तर डॉक्टर असतो. आपल्याकडे असं वेगळं पद नसलं तरी ओपीडीतल्या सिस्टर आहेत, आरोग्यवर्धिनी केंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी आहेत, आशाताई आहेत. वजन, नाडी, उभं राहून बीपी, पायावर सूज, चक्कर आली का: पंधरा दिवसांतून एकदा एवढं बघायला एमडी लागत नाही. हृदयरोगतज्ज्ञांनी डिस्चार्ज कार्डावर मराठीत चार ओळी लिहाव्यात: पंपिंग किती, आजचा डोस, पुढचा डोस आणि तो कधी, काय झालं तर वाढवायचा नाही. गावातल्या डॉक्टरांनी त्या ओळींच्या आधारे न घाबरता डोस वाढवावा आणि अडलं तर फोन करावा. आणि फोन आला की तज्ज्ञांनी तो उचलावा; ही मागणी मी मुद्दाम लेखी करते आहे. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं तर थेट दवाखान्यात या, हे पेशंटच्या वहीवर मोठ्या अक्षरात असावं. डोस वाढवल्यावर सूज किंवा धाप थोडी वाढली तर आधी लघवीची गोळी वाढवून बघा.

माझ्या ओपीडीत सिस्टर वापरतात तो तक्ता एका पानाचा आहे. त्यात सुधारणा सुचवल्यात तर हव्याच आहेत, आणि तुमच्या भागात तो वापरायचा असेल तर माझी परवानगी मागायचीही गरज नाही. ज्यांना या पत्रातलं काही पटलं नसेल त्यांनी या मासिकाकडेच उत्तर पाठवावं. वादही पेशंटच्या घरच्यांना वाचता यावा अशा भाषेत झालेला मला आवडेल.

आपली स्नेहांकित,
तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारी एक फिजिशियन